बावड्याहून वळिवड्याला

मुलांनो, कोल्हापूरला आलात की तुम्ही काय काय पाहता? अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा. परतताना पिशवीत गुळाची ढेप आणि पायात करकर वाजणारं नवं पायताण. हो की नाही? आज मी तुम्हाला एका वेगळ्याच वाटेनं नेणार आहे. या वाटेला तिकीट नाही, रांग नाही. एक सायकल आणि डब्यात भाकरी-चटणी असली की झालं. वाट आहे कसबा बावड्याहून वळिवड्यापर्यंतची. अंतर आठ-दहा किलोमीटर. पण गंमत अशी, की या वाटेवर आपण थेट पोलंड देशापर्यंत जाऊन येणार आहोत.

कसबा बावडा म्हणजे कोल्हापूरचं उत्तरेकडचं टोक. एकेकाळी वेगळं गाव, आता शहराचाच भाग. तरी बावडेकर अजून "गावात जाऊन येतो" असंच म्हणतात! एका बाजूला पंचगंगा, भोवती उसाचे मळे, आणि छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना. हंगाम सुरू झाला की मळीचा वास सगळ्या गावभर पसरतो. नदीवर राजाराम बंधारा आहे. पावसाळ्यात अख्ख्या जिल्ह्याचे कान या बंधाऱ्याकडे लागलेले असतात. पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर गेलं की धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५५ फुटांच्याही वर चढलं होतं! तेव्हा काय झालं, ते पुढं सांगते.

आपला पहिला थांबा बावड्यातच आहे. लक्ष्मी विलास पॅलेस. २६ जून १८७४ रोजी इथं एका मुलाचा जन्म झाला. कागलच्या घाटगे घराण्यातलं हे बाळ, नाव यशवंत. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलं आणि शाहू महाराज झालं. होय, आपले राजर्षी शाहू! १९०२ मध्ये मागासलेल्या समाजासाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवणारे, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करणारे. हे तुम्ही पुस्तकात वाचलंच असेल. मी तुम्हाला सांगणार आहे ती एका चहाच्या कपाची गोष्ट.

महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे एक नोकर होते. त्या काळी ज्यांना अस्पृश्य म्हणत, अशा जातीतले. त्यांनी वरच्या जातीच्या लोकांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. महाराज तेव्हा गावात नव्हते. परत आल्यावर त्यांना हे कळलं. त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी काय काढलं ठाऊक आहे? चहाचं हॉटेल! तेही कोल्हापूरच्या भर वस्तीत. नाव ठेवलं 'सत्यसुधारक'. पण त्यांच्या हातचा चहा प्यायचा कुणी? हॉटेल स्वच्छ, चहा झकास, पण गिऱ्हाईक नाही. तेव्हा शाहू महाराज आपली गाडी त्या हॉटेलसमोर थांबवत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावत.

आता मला सांगा, या गोष्टीत धीट कोण? तुम्ही म्हणाल, शाहू महाराज. बरोबर आहे. पण ते राजे होते, त्यांना कोण काय बोलणार? मला विचाराल तर गंगारामांची हिंमत त्याहून मोठी. ज्या गावात पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्ला, त्याच गावात रस्त्यावर पाटी लावून ते चहा विकायला बसले!

पंचगंगेच्या पुलावरून पुरात उडी मारणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यालाही धाडस म्हणतात. पण अशी उडी मारली की काठावरचे लोक टाळ्या वाजवतात. आणखी एक धाडस असतं, ते केलं की टाळ्या वाजत नाहीत. उलट लोक रागावतात, आपलीच माणसं तोंड फिरवतात. तरीही बरोबर आहे म्हणून ते करायचं. मोठी माणसं त्याला नैतिक धैर्य म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट चहाच्या कपाएवढी साधी असू शकते.

चला, सायकलवर बसा. बावड्याचा मुख्य रस्ता धरून शहराकडे निघालो की नवा राजवाडा लागतो. तो मागं टाकून पुढं आलं की कलेक्टर कचेरीजवळ महावीर उद्यान आहे. घसरगुंडीकडे धावू नका, आधी इथलं स्मारक पाहा. १९९८ मध्ये ते उभारलं गेलं. उभारलं कुणी? पोलंडच्या लोकांनी! कोल्हापूरच्या बागेत, हजारो मैलांवरच्या माणसांनी कृतज्ञता म्हणून. कशाबद्दल कृतज्ञता? त्यासाठी १९३९ सालात जायला हवं.

युरोपच्या नकाशात पोलंड शोधा. एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला तेव्हाचा सोव्हिएत रशिया. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलरच्या जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला रशियाचं सैन्य पूर्वेकडून आत आलं. जात्यात दाणे भरडावेत तसा तो देश दोघांच्या मध्ये भरडला गेला. पूर्व पोलंडमधल्या लाखो माणसांना रशियानं घरातून उचललं. १९४० च्या फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, हे सुरू झालं. दारावर थाप पडायची, थोडंफार सामान बांधायला जेमतेम वेळ, आणि मग मालगाडीच्या डब्यात कोंबून सायबेरियाकडं, कझाकस्तानकडं. तिथं जंगलतोड, उपासमार, आजार. कितीतरी मुलांचे आईवडील तिथंच गेले.

मग १९४१ च्या जूनमध्ये हिटलर रशियावरच उलटला. रशियानं या पोलिश लोकांना सोडायचं कबूल केलं. त्यांचं सैन्य उभं राहू लागलं आणि सैन्यामागोमाग बायका-मुलंही निघाली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून ती इराणला पोचली. अंगावर चिंध्या, पोटं खपाटीला. पण पुढं जायचं कुठं? देश तर शत्रूच्या ताब्यात! कुणी आफ्रिकेला गेले, कुणी मेक्सिकोला, कुणी न्यूझीलंडला. आणि काही भारतात आले.

भारतात त्यांच्यासाठी पहिल्यांदा पुढं झाले ते नवानगरचे, म्हणजे जामनगरचे राजे, जामसाहेब दिग्विजयसिंहजी. १९४२ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बालाचडीला शेकडो पोलिश मुलांसाठी छावणी उभारली. आजही पोलंडची राजधानी वॉर्सा इथं 'चांगल्या महाराजांचा' चौक आहे! आणि सगळ्यांत मोठी छावणी कुठं झाली? १९४३ मध्ये, कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला. पाच हजारांच्या आसपास माणसं, आणि त्यांत बहुतेक सगळ्या बायका आणि मुलं. कारण घरातले पुरुष एक तर लढाईवर होते, नाही तर या जगातच नव्हते.

निघूया वळिवड्याला. ताराराणी चौकातून पुढं हायवे ओलांडला की गांधीनगर. कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेले टेंपो, एकाला एक लागून दुकानं, लग्नाचा बस्ता बांधायला आलेली कुटुंबं. गर्दीतून सायकल जपून चालवा बरं! गांधीनगरला लागूनच वळिवडे. कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावर वळिवडे नावाचं छोटंसं स्टेशनही आहे.

इथंच त्या छावणीच्या बराकी होत्या. पण तुरुंगासारखी छावणी मनात आणू नका. ते एक लहानसं पोलिश गावच होतं. शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, अनाथ मुलांसाठी घर होतं, बाजार होता. मुलं स्काउटच्या गणवेशात कवायत करायची, नाटकं बसवायची. बर्फात वाढलेली मुलं आपल्या मे महिन्यातल्या उन्हात आणि जुलैच्या धो धो पावसात वाढली. त्यांच्यासाठी 'बालपणीचं गाव' म्हणजे वळिवडे झालं. पाच वर्षं ती इथं राहिली. काही जण मात्र इथल्याच मातीत कायमचे विसावले. कोल्हापुरात त्यांच्या कबरी आहेत.

इथं एक गोष्ट खरी खरी सांगायला हवी. ही छावणी काही एकट्या कोल्हापूरच्या दानशूरपणावर चालली नाही. तिचा खर्च लंडनमध्ये आसऱ्याला असलेल्या पोलंडच्या सरकारनं उचलला. भारतावर इंग्रजांचं राज्य होतं, व्यवस्थेत तेही होते. कोल्हापूर संस्थानानं जागा दिली. मग तुम्ही विचाराल, "बाई, यात आपल्या लोकांनी विशेष ते काय केलं?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर त्या मुलांकडूनच घ्यायला हवं. ती मुलं पुढं इंग्लंडला, पोलंडला, कुठं कुठं गेली. म्हातारी झाली. आणि तरीही काठी टेकत टेकत पुन्हा कोल्हापूरला येत राहिली. १९९८ चं स्मारक त्यांच्या संघटनेचं. २०१९ च्या सप्टेंबरात त्यांतली काही मंडळी वळिवड्याला आली आणि इथं स्मृतिस्तंभाचं उद्घाटन झालं. लक्षात घ्या, महापूर ओसरून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. जिथं नुसता निवारा मिळाला, तिथं माणूस सत्तर वर्षांनी परत येत नाही. जिथं शेजार मिळाला, तिथंच तो परत येतो. वॉर्सामध्ये कोल्हापूरचं नाव कोरलेला स्मृतिफलक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी त्याच्यासमोर पुष्पचक्र वाहिलं, तेव्हा आपल्या कोल्हापूरचं नाव सगळ्या देशानं ऐकलं.

आणि गंमत पाहा. १९४८ मध्ये पोलिश मंडळी गेली, छावणी रिकामी झाली. पण बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत! १९४७ च्या फाळणीत सिंध सोडून आलेल्या हिंदू सिंधी कुटुंबांना तिथंच आसरा मिळाला. त्यांनी शून्यातून धंदा उभा केला, आणि आज ज्या बाजारातून आपण सायकल जपून काढली ते गांधीनगर झालं. एका जागेनं दोनदा बेघर माणसांना पोटाशी घेतलं.

आता जरा सावलीत बसू, डबे उघडू. पुढची गोष्ट बसूनच ऐकायची आहे.

वळिवड्याला आलेली मुलं वाचली. पण त्यांच्याच देशात, मागं राहिलेल्या लाखो मुलांचं काय झालं? हिटलरनं ज्यू लोकांना जगातून नाहीसं करायचं ठरवलं होतं. ज्यू म्हणजे कोण, हे आपल्याला नवीन नाही. आपल्या अलिबागकडं शेकडो वर्षं ज्यू राहत आले आहेत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. घरी मराठी बोलणारी, आपल्यातलीच माणसं. अशाच माणसांना युरोपात केवळ ती ज्यू आहेत म्हणून वेचून मारलं गेलं. साठ लाख माणसं. त्यांतली पंधरा लाखांच्या आसपास तुमच्यासारखी मुलं. या संहाराला होलोकॉस्ट म्हणतात.

पोलंडमध्ये जर्मनांचा नियम होता, ज्यूला घरात लपवलं तर मृत्युदंड. तोही एकट्याला नव्हे, कधी कधी अख्ख्या कुटुंबाला. मार्कोवा नावाच्या खेड्यात उल्मा नावाच्या शेतकरी जोडप्यानं आठ ज्यूंना घरात लपवलं होतं. २४ मार्च १९४४ ला पोलीस आले आणि त्या आठ जणांबरोबर नवरा, बायको आणि त्यांची मुलं, सगळ्यांना मारून टाकलं.

अशा दिवसांत वॉर्सा शहरात इरेना सेंडलर नावाची एक तरुण बाई होती. ती ज्यू नव्हती. शहराच्या समाजकल्याण खात्यात नोकरी करायची. जर्मनांनी लाखो ज्यूंना भिंत घालून शहराच्या एका भागात कोंडलं होतं. आत ना पुरेसं अन्न, ना औषध. टायफसची साथ बाहेर येईल या भीतीनं जर्मनांनी आरोग्याचं काम करणाऱ्या थोड्या लोकांना आत जायचे पास दिले होते. इरेनानं असा पास मिळवला. आणि जाताना औषधं नेणारी इरेना येताना काय आणायची, ओळखा पाहू? मुलं! कुणाला रुग्णवाहिकेत लपवून, कुणाला पोत्यात, कुणाला अवजारांच्या पेटीत. सगळ्यांत कठीण काम भिंत ओलांडायचं नव्हतं बरं. सगळ्यांत कठीण काम आईला विचारायचं होतं. आई विचारायची, "माझं बाळ नक्की वाचेल का?" आणि इरेनाला खोटं बोलता यायचं नाही. आपण या दारातून सुखरूप बाहेर पडू की नाही, एवढंही तिला सांगता येत नव्हतं.

बाहेर काढलेल्या मुलांना नवी नावं देऊन घराघरांत, मठांत, अनाथाश्रमांत ठेवलं जायचं. पण मुलाचं खरं नाव हरवलं तर? युद्ध संपल्यावर आईवडील शोधत आले तर? म्हणून पातळ कागदाच्या चिटोऱ्यांवर खरं नाव आणि नवं नाव लिहून ते कागद काचेच्या बरण्यांत घातले गेले. बरण्या पुरल्या एका अंगणात, सफरचंदाच्या झाडाखाली. १९४३ च्या ऑक्टोबरात इरेनाला पकडलं. हातपाय मोडेपर्यंत मारलं. तिनं एकही नाव सांगितलं नाही. तिला मृत्युदंड ठरला, पण तिच्या साथीदारांनी पहारेकऱ्याला लाच देऊन तिला सोडवलं. तिच्या गटानं मिळून सुमारे अडीच हजार मुलं वाचवली, असं मानलं जातं.

"तिच्या गटानं" हे शब्द मी मुद्दाम लिहिले. इरेना एकटी नव्हती. पंचवीसएक बायका-पुरुष तिच्याबरोबर होते. त्यांच्यामागं झेगोटा नावाची गुप्त संघटना होती. कुणी गाडी चालवायचं, कुणी खोटे दाखले बनवायचं, कुणी एक रात्र मुलाला घरी झोपवायचं. सगळ्यांनीच भिंत ओलांडायची नसते. एक रात्र अंथरूण देणं हेसुद्धा मोठं काम असतं.

त्याच भिंतीच्या आत एक डॉक्टर होते, यानुष कोर्चाक. मुलांसाठी पुस्तकं लिहिणारे, अनाथाश्रम चालवणारे, स्वतः ज्यू. १९४२ च्या जुलैमध्ये त्यांच्या आश्रमातल्या मुलांनी एक नाटक केलं. कुणाचं, माहीत आहे? आपल्या रवींद्रनाथ टागोरांचं 'डाकघर'! खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी अमलचं. मृत्यू दारात उभा असताना त्या मुलांना धीर द्यायला आपल्या देशातली गोष्ट तिथवर पोचली होती. पुढच्याच महिन्यात सैनिक मुलांना न्यायला आले. कोर्चाकांना सुटून जाण्याची संधी अनेकांनी देऊ केली होती. ते मुलांना सोडून गेले नाहीत. दोनशेच्या आसपास मुलांबरोबर ते चालत गेले आणि त्यांच्याबरोबरच संपले. त्यांना एकही मूल वाचवता आलं नाही. तरी मी त्यांचं नाव याच यादीत घालते. तुम्ही घालाल का? वर्गात यावर जरूर वाद घाला.

एक फरक नीट समजून घ्या. वळिवड्याची गोष्ट आणि इरेनाची गोष्ट एक नाही. वळिवड्याला आलेले लोक बहुतेक ख्रिश्चन होते आणि त्यांना रशियानं हाकललं होतं. इथं त्यांना घर देताना कुणाच्या जिवाला धोका नव्हता. इरेनाला रोज होता. दोन्हींना एका तराजूत तोलायचं नाही. पण दोन्ही गोष्टींत प्रश्न एकच विचारलेला आहे. दाराशी आलेलं मूल आपलं की परक्याचं?

इस्रायलमधली याद वाशेम ही संस्था ज्यूंना वाचवणाऱ्या परधर्मीयांचा सन्मान करते. आजवर अठ्ठावीस हजारांहून जास्त नावं झाली. सगळ्यांत जास्त नावं पोलंडची, सात हजारांवर. संख्या मोठी वाटते ना? पण युरोपात तेव्हा कोट्यवधी माणसं राहत होती. त्यांतल्या बहुतेकांनी काहीच केलं नाही. ती सगळी दुष्ट होती का? नाही. बरीचशी चांगली, पापभीरू माणसं होती. ती घाबरली, आणि म्हणाली, "आपल्याला काय करायचंय?" हे तीन शब्द फार भयंकर आहेत, मुलांनो.

मग काही जणच का उठले? सॅम्युएल ऑलिनर नावाचा एक पोलिश ज्यू मुलगा एका शेतकरी बाईच्या मदतीनं वाचला होता. तो पुढं अमेरिकेत प्राध्यापक झाला. त्यानं आणि त्याच्या पत्नीनं लोकांना वाचवणारी शेकडो माणसं शोधून त्यांना प्रश्न विचारले, आणि १९८८ मध्ये पुस्तक लिहिलं. पालकहो, हा भाग तुमच्यासाठी. ही माणसं जास्त शिकलेली किंवा जास्त श्रीमंत होती असं नाही. पण त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी मुलांना मारझोडीपेक्षा समजावून सांगण्यावर भर होता. "का नाही करायचं?" याचं उत्तर मिळायचं. आणि "आपले" या शब्दात फक्त आपली जात, आपला धर्म येत नसे. इरेनाचे वडील डॉक्टर होते. गरीब ज्यू रुग्णांवर उपचार करता करता टायफस होऊन १९१७ मध्ये गेले. तेव्हा ती सात वर्षांची होती. बुडणाऱ्याला हात द्यायचा, तो कोण आहे हे विचारायचं नाही, ही शिकवण तिला घरातच मिळाली.

ही शिकवण बावड्यानंही पाहिली आहे. २०१९ च्या पुरात कोल्हापुरात पाणी घरात शिरलं तेव्हा तरुण पोरं होड्या घेऊन निघाली. कुणाच्या घरात शिरायचं, कुणाला वर काढायचं, हे जात विचारून ठरलं नाही. पण खरं सांगू? पुरात आपण सगळेच चांगले असतो. परीक्षा पाणी ओसरल्यावर असते.

अशी एक परीक्षा मी माझ्या वर्गात पाहिली. आमच्याकडं कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. पाचटाच्या खोपटांत राहतात. पहाटे आईबाप फडावर जातात, मुलं मागं राहतात. त्यांतली एक मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात आली. पहिले चार दिवस ती जमिनीवर बसली. बाक रिकामा होता, पण शेजारी कुणी सरकून घेईना. "तिच्या कपड्यांना वास येतोय," अशी कुजबुज. मी ओरडून जागा करून दिली असती, तर बाक मिळाला असता, शेजार मिळाला नसता. म्हणून मी इरेनाची गोष्ट सांगितली आणि थांबले. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. अभ्यासात यथातथाच. दप्तर उचलून म्हणाला, "बाई, मी बसतो हिच्याशेजारी. काय हुतंय त्याला!"

वर्ग हसला. त्याला चिडवणारी नावं पडली. आठवडाभर मधल्या सुट्टीत त्याला कुणी कबड्डीत घेतलं नाही. तो भिंतीला टेकून उभा राहायचा, पण बाक त्यानं सोडला नाही. मग एक दिवस आणखी एक मुलगी त्यांच्यात डबा घेऊन बसली. मग दोघं. मार्चमध्ये गाळप संपलं, ट्रक भरले, ती मुलगी गेली. जाताना तिला सगळे पाढे सोळापर्यंत येत होते. पुढच्या हंगामात तिची टोळी दुसऱ्या कारखान्याला लागली. तिथल्या वर्गात तिच्यासाठी कुणी सरकून घेतलं का, ते त्या वर्गातल्या मुलांवर होतं.

आमच्या वर्गात आता एक काचेची बरणी आहे, लोणच्याची. त्यात चिठ्ठ्या टाकायच्या. कुणी कुणासाठी काय केलं, ते लिहून. एकच अट, स्वतःचं नाव घालायचं नाही. दर शनिवारी चिठ्ठ्या वाचतो. "अमक्यानं माझ्यावर चोरीचा आळ आला तेव्हा खरं सांगितलं." "तमकीनं आजीला रस्ता ओलांडून दिला." कधी कधी बरणी रिकामीही असते. त्या शनिवारी आम्ही गप्प बसतो, तेही बरं असतं.

इरेनाचं नाव जगाला फारसं ठाऊक नव्हतं. ते ठळक कुणी केलं, माहीत आहे? अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका खेड्यातल्या शाळकरी मुलींनी! १९९९ मध्ये शाळेच्या प्रकल्पासाठी त्यांनी तिची माहिती शोधली, त्या बरण्यांवर नाटक बसवलं, आणि २००१ मध्ये वॉर्साला जाऊन तिला भेटल्या. २००८ मध्ये इरेना गेली, तेव्हा ती ९८ वर्षांची होती.

म्हणजे शोधणं हे मुलांचंही काम आहे. तेव्हा सुट्टीत कोल्हापूरला आलात तर ही वाट नक्की करा. बावड्यात शाहूंचं जन्मस्थळ, महावीर उद्यानातलं स्मारक, वळिवड्याचा स्तंभ. आणि कोल्हापूर लांब असेल तर आपल्याच गावात हिंडा. आजोबांना विचारा, फाळणीत, दुष्काळात, दंगलीत, पुरात कुणी कुणाला घरात घेतलं होतं? गावानं तेव्हा त्यांना काय म्हटलं होतं? अशी माणसं प्रत्येक गावात असतात. त्यांची नावं मात्र कुठल्या तरी झाडाखाली पुरलेली असतात.

एक तरी बरणी उकरून काढा, आणि त्यातलं नाव मला पत्रानं कळवा. कळवाल ना?